दोन भाषांतलं मोजणं

ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी तलावाच्या पाळीवर माझ्या भावावर वीज पडली. तेव्हा सहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. तो धूमकेतूचा फोटो काढत होता. मी त्याच्यापासून अठरा पावलांवर होते. मी सेकंद मोजत होते.

एवढं लिहून मी कितीतरी महिने थांबले होते. मी तामसीच्या मंडल कार्यालयात, म्हणजे आमच्या तेलुगू मुलखातल्या तहसील कचेरीत, कारकून आहे. वीज पडून माणूस गेला की त्याचा कागद माझ्या टेबलावरून जातो. कागद तेलुगूत असतो. वीज पडणे याला तेलुगूत 'पिडुगुपाटु' म्हणतात आणि हा शब्द मी इतक्या वेळा टाइप केला आहे, की बोटं तो न बघता उमटवतात. त्या कागदात एक रकाना असतो, घटनेच्या वेळी मृत काय करत होता. तिथे बहुधा शेतकाम असं लिहिलेलं असतं. दादाचा कागद शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने केला. त्या रकान्यापाशी तो थांबला आणि खाली मान घालून त्याने मला विचारलं की इथे काय लिहायचं. मी म्हटलं, फोटो काढत होता. कशाचा, हे त्याने विचारलं नाही.

घरात आम्ही तिघं होतो. दादाने लग्न केलं नाही, मी लग्न करून परत आले, आणि बाबा. घर मावला गावात. दादा सरकारी शाळेत विज्ञान शिकवायचा, तेलुगू माध्यमात. आम्ही दोघंही पाचवीपर्यंत मराठीत शिकलो आणि सहावीपासून तेलुगूत, म्हणून आमच्या डोक्यात दोन्ही भाषांचे आकडे शेजारी शेजारी नांदत. पाढे मराठीतले, सूत्रं तेलुगूतली. पुढे जे झालं ते कळायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

बाबांच्या उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेरातून वाकडी आहे. बाबा दहा-अकरा वर्षांचे असताना एका मालकाच्या गोठ्यात कामाला होते. पहाटे शेण काढायला उठले, तेव्हा पूर्वेकडे एक शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, उभं होतं. शेपूट वर, डोकं खाली. बाबा गोठ्याबाहेर येऊन बघत राहिले आणि त्यांनी सोबतच्या गड्याला बोट करून दाखवलं. हे मालकाने पाहिलं. शेंडेनक्षत्राला बोट दाखवलं की त्याची शेपूट त्या घरावर पडते, असं तेव्हा मानत. दोन दिवसांनी मालकाचा एक बैल पोट फुगून मेला. मालकाने बाबांना गोठ्यातल्या खांबाला बांधलं आणि बैल हाकायच्या तुतारीने मारलं. तुतारी मोडली तेव्हा त्याने बाबांचा हात उंबऱ्याच्या दगडावर धरला, ते बोट इतर बोटांपासून वेगळं धरलं आणि वरून वरवंटा टाकला. बाबांची आई गोठ्याच्या दाराशी उभी होती. आत यायची तिला मुभा नव्हती.

बाबांनी ही गोष्ट आम्हांला लहानपणी कधी सांगितली नाही. दादाला नोकरी लागली त्या वर्षी सांगितली, तीही एकदाच, जेवताना, भाकर मोडता मोडता. पुढे कधी दादाच्या दुर्बिणीचा विषय निघाला की ते एवढंच विचारायचे, "तसं पुन्हा येते का?" दादा म्हणायचा, येते. दुसरं येते. "मंग मले दाखवजो."

या धूमकेतूची बातमी आली तेव्हा बाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊनही त्यांना आभाळातलं काही दिसत नव्हतं. चंद्र तेवढा दिसायचा, तोही पसरलेला. म्हणून दादाने ठरवलं की फोटो काढायचा, मोठा छापायचा आणि बाबांच्या हातात द्यायचा. त्यांना जवळचं दिसत होतं. ज्याने मारलं तो केव्हाच मेला, आता कोणाला दाखवणार, असं मी एकदा बोलून गेले. बाबा म्हणाले, "थो मेला. मी तं पाहून राह्यलो ना अजून."

धूमकेतू सूर्य मावळल्यावर पश्चिमेला दिसणार होता, अर्धा-पाऊण तास, क्षितिजाच्या जरा वर. दहा-बारा दिवस. रोज थोडा वर चढणार आणि रोज थोडा पुसट होणार. आमच्याकडे त्या दिवसांत परतीच्या पावसाचा जोर असतो. सकाळ लख्ख, दुपारी घाम, चारनंतर पूर्वेकडून ढग चढतात आणि पाचला आभाळ अंगावर येतं. कापूस फुटलेला, सोयाबीन काढून शेतात ढीग घातलेले. आमचा धूमकेतू आणि लोकांचं पीक एकाच पंधरवड्यात सापडले होते.

आमच्यासोबत तिसरे एक होते, वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं करंटने नेली होती. आकाशाची पुस्तकं ते वाचत नसत. दादाने एकदा त्यांना शनीची कडी दाखवली आणि तेव्हापासून ते आमच्यात आले. तामसीच्या रस्त्यावरच्या तलावाची पाळ त्यांनीच शोधली. पाळीवरून पश्चिम पूर्ण उघडी होती, झाड नाही, तार नाही. पाणी सोडायच्या तूमापाशी सिमेंटची एक खोली होती. पावसात आडोसा म्हणून ती ठीक होती.

पहिल्याच संध्याकाळी वाऱ्याने आम्हांला झोडपलं. ढग इतक्या खालून आले की पाळीवर उभं राहून हात लावावा. ताडपत्री सुटली, चाबकासारखी फिरली आणि तिच्या कडेची पितळी कडी काकांच्या भुवईवर बसली. रक्त डोळ्यात उतरलं. ते एका हाताने डोळा दाबून दुसऱ्या हाताने ट्रायपॉड धरून बसले, कारण दादा कॅमेरा पिशवीत कोंबत होता आणि वारा ट्रायपॉड तळ्यात ढकलत होता. तेवढ्यात दूर कुठेतरी हिरवा-निळा जाळ उडाला आणि ट्रान्सफॉर्मर फुटल्याचा आवाज आला. काकांनी रक्ताळलेल्या डोळ्याने तिकडे पाहून त्या गावाचं नाव घेतलं आणि म्हणाले की तिथली मोटर उद्या दुपारपर्यंत चालत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी पाऊस थांबल्यावर परतताना रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली शेळ्या पडलेल्या दिसल्या. पाय ताठ, डोळे उघडे, एकमेकींना चिकटून. लिंबाची साल वरपासून खालपर्यंत सोललेली होती आणि आतलं लाकूड वाफाळत होतं. एक शेळी जिवंत होती. तिचे मागचे पाय हलत नव्हते आणि ती पुढच्या दोन पायांनी स्वतःला ओढत रस्त्याकडे येत होती. शेळीवाला बांधावर बसून तिच्याकडे पाहत होता. काका गाडीवरून उतरले, दगड उचलला आणि एका घावात तिला संपवलं. मग हात धुतले आणि तिथेच, त्या शेळ्यांच्या समोर, आमच्यासाठी नियम केला.

नियम साधा होता. वीज चमकली की मोजायला लागायचं आणि गडगडाट ऐकू आला की थांबायचं. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. मोजणी तीसच्या आत आली तर कॅमेरा होता तिथे सोडून तूमाच्या खोलीत जायचं. तीसच्या वर असेल तर काम चालू. दादाने कुरकुर केली की कॅमेरा भिजेल. काका म्हणाले, "मास्तर, कॅमेरा सेकंडहँड भेटते. तुमी सेकंडहँड भेटत नाही." दादा हसला. मीही हसले. शेळीवाला आमच्याकडे बघत होता.

मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण दादाला दुसरं मोजावं लागत होतं. त्याच्या जुन्या कॅमेऱ्याची चकती 'बल्ब'वर अडकून बसली होती. म्हणजे वायरच्या टोकाचं बटण दाबून धरलं तेवढा वेळ फोटो उघडा राहायचा, सोडलं की मिटायचा. दादाने आठ सेकंद ठरवले होते. त्याहून जास्त ठेवलं तर तारे लांबतात, कमी ठेवलं तर शेपूट उमटत नाही. तो बटण दाबून मोठ्याने आठपर्यंत मोजायचा. मीही मोठ्याने मोजायचे. दोघं मराठीत मोजायला लागलो की पहिल्याच मिनिटाला एकमेकांत गुंतायचो. मी अकरावर असताना तो पाच म्हणायचा आणि मी सहा म्हणून पुढे जायचे. दादा वैतागला. "बाई, तू मराठीत मोज. मी तेलुगूत मोजतो. तू माहं ऐकू नको, मी तुहं ऐकत नाही."

तसं झालं. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू, आरू, एडू, एनिमिदी. तो एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, एक, दोन, तीन, चार. दोन दिवसांत इतका सराव झाला की त्याचा आवाज मला पंख्याच्या आवाजासारखा झाला. असून नसल्यासारखा. काका ते ऐकून म्हणायचे की तलावावर दोन शाळा भरल्या आहेत आणि एकाही शाळेत पोट्टे नाहीत.

नऊ संध्याकाळी गेल्या. एकदा ढगाच्या फटीतून एक धुरकट डाग मिळाला, तो धूमकेतू होता की ढगाचा तुकडा हे सांगता येत नव्हतं. एकदा मोजणी बावीसवर आली आणि आम्ही पळालो. खोलीत उभं राहून बघत होतो, तेव्हा पलीकडच्या काठावर वीज अशी आपटली की पाण्यावर पांढरी रेघ धावली आणि खोलीचं लोखंडी दार कंप पावत राहिलं. एका संध्याकाळी गारा पडल्या. पाठीवर, मानेवर, डोक्यावर, कोणी मूठभर खडे जवळून मारावेत तशा. घरी आल्यावर आरशात पाहिलं तर माझ्या दंडांवर निळे गोल उठले होते. बाबांनी ते पाहिले आणि नजर फिरवली. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले की फोटो राहू द्या.  रात्री दादाने मला सांगितलं की शेपूट आता रोज अर्धी होत चालली आहे, दोन-तीन दिवसांनी या कॅमेऱ्याला काही मिळणार नाही.

त्या गुरुवारी काका बोथला गेले होते, नात्यातलं काही काम होतं. निघण्याआधी त्यांनी मला फोन करून नियम पुन्हा म्हणायला लावला, पाढा म्हणून घ्यावा तसा. मी म्हटला.

सहाला पाऊस थांबला. पश्चिम एकदम फाकली. आमच्याकडे आभाळ उघडलं की फाकलं म्हणतात. धुतलेली, काचेसारखी पश्चिम आणि आमच्या पाठीशी पूर्वेला काळ्या ढगांची भिंत. वीज त्या भिंतीच्या आत, दूर, चमकत होती. पहिली मोजणी एक्केचाळीस आली. दुसरी अडतीस. ढग जवळ येत होते, पण अजून तीसच्या बाहेर होते. दादाने ट्रायपॉड पाळीच्या माथ्यावर लावला. स्कूटर आम्ही पाळीच्या पायथ्याशी, पाण्याच्या उलट्या बाजूला ठेवली होती, अठरा पावलांवर, आणि तिच्यावरून ताडपत्री ओढून सामानाला आडोसा केला होता.

पहिले तीन फोटो ढगाच्या उरलेल्या चिंध्यांचे आले. मग त्या विरल्या. चौथ्यापासून दादा बोलेनासा झाला, नुसता मोजत राहिला. कॅमेऱ्याची बॅटरी संपत आली आहे, दुसरी दे, एवढंच त्याने मध्ये सांगितलं. दुसरी बॅटरी मघाच्या पावसात भिजलेल्या पिशवीत होती. पूर्वेकडे वीज चमकली. मी एकपासून सुरुवात केली आणि मोजत मोजत ताडपत्रीखाली शिरले. टॉर्च लावला, बॅटरी शोधली, ओढणीच्या कोरड्या टोकाने तिची पत्र्याची टोकं पुसली. मोजणी तोंडात चालूच होती. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. वरून दादाचा आवाज येत होता, रेंडू, मूडू, नालुगू. मग ओकटी. रेंडू. मूडू. मी बत्तीसवर होते. तेहतीस. चौतीस. आणि गडगडाट आला.

मी ओरडून सांगितलं, "चौतीस."

तो म्हणाला, "मंग अजून दोन."

मी ताडपत्रीतून बाहेर आले. त्याने त्या दोनातला एक फोटो संपवला होता आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून पाहत होता. पडद्याचा उजेड त्याच्या हनुवटीवर होता. त्याने मान वर केली नाही. "बाई," तो म्हणाला, "आलं." मग बटण दाबलं आणि ओकटी म्हणाला.

रेंडू मी ऐकलं नाही.

आवाज मला आठवत नाही. पांढरं आठवतं आणि जमिनीने तळपायांना खालून लाथ मारल्यासारखं आठवतं. मी चिखलात तोंडावर पडले. उठले तेव्हा उजव्या कानातून रक्त मानेवर येत होतं आणि जग बंद काचेच्या पलीकडे होतं. मी पाळीवर चढले. दादा पलीकडच्या उतारावर उलटा पडला होता, डोकं पाण्याकडे. शर्ट पाठीवर टराटर फाटलेला, आतली कातडी झाडाच्या फांद्यांसारखी लाल उमटलेली. एक चप्पल पायात नव्हती. केस जळल्याचा वास येत होता. ट्रायपॉडचा एक पाय उभा चिरला होता.

मी त्याला उताणा केला आणि छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागले. हे आम्हांला कार्यालयात एकदा शिकवलं होतं, रबरी बाहुलीवर. तीस वेळा दाबायचं, मग दोनदा श्वास द्यायचा. मी मराठीत मोजत होते. दुसऱ्या तीसमध्ये माझ्या तळव्याखाली त्याची बरगडी मोडली. मोडल्याचं हाताला कळलं. थांबायचं नाही असं शिकवलं होतं, म्हणून मी मोडलेल्या बरगडीवर दाबत राहिले. पाऊस पुन्हा आला आणि त्याच्या उघड्या डोळ्यांत पडत राहिला. ते मिटत नव्हते. सोयाबीनच्या पोत्यांचा टेम्पो रस्त्याने आला. त्यातली माणसं धावत आली आणि त्यांनी मला ओढून बाजूला केलं. त्यातल्या एकाचा हात मी चावला, असं नंतर कळलं. दवाखान्यात डॉक्टरांनी जास्त वेळ घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी घरी बसायला माणसं येत होती. बाबांच्या तरुणपणातला एक सोबती आला, गोठ्यावर त्यांच्यासोबत असलेला तोच गडी, आता पार म्हातारा. तो बाबांजवळ बसला, त्यांचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाला, "तवा तुहं बोट घेतलं. आता पोरगं घेतलं. काऊन पुन्हा त्याच्या नादी लागले तुमी?"

बाबांच्या पुढ्यात पाण्याचा स्टीलचा ग्लास होता. बाबांनी तो उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. ग्लास भुवईवर लागला, कातडी फाटली, पाणी आणि रक्त दोन्ही त्याच्या धोतरावर सांडलं. सत्तरी ओलांडलेले माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात मला एक चापट मारली नव्हती, ते ग्लास पुन्हा उचलून त्याला मारायला उठले. त्यांना तिघांनी धरलं. म्हातारा रडायला लागला. बाबा त्याच्यापेक्षा मोठ्याने रडले. मीच त्याच्या भुवईवर हळद दाबली आणि पट्टी बांधली. त्याने मला विचारलं की मी काय वाईट बोललो.  तो आम्हांला शिव्या घालायला आला नव्हता. जे त्याला लहानपणी मारून शिकवलं होतं, तेच तो मायेने बोलला होता.

सातव्या दिवशी जलदान विधी झाला. त्रिसरण पंचशील झालं, शाळेतल्या शिक्षकांनी दोन शब्द सांगितले. दादाचे विद्यार्थी अंगणात मांडी घालून बसले होते. ते धूमकेतूला तोकाचुक्का म्हणतात, शेपटीचा तारा. त्यातल्या एकीने उठून सांगितलं की सरांनी आम्हांला तोकाचुक्काला घाबरू नका असं शिकवलं. मग ती खाली बसली.

कॅमेरा जळाला होता, पण आतलं कार्ड शाबूत निघालं. ते काकांनी काढलं. महिन्याभराने ते घेऊन काका माझ्याकडे आले आणि आम्ही ते शाळेतल्या एका शिक्षकाच्या संगणकावर लावलं. अकरा फोटो होते. पहिले तीन ढगांचे. चार ते नऊ यांत धूमकेतू होता, जरा हललेला, वाऱ्यामुळे. दहावा फोटो पांढरा होता. अकरावा स्वच्छ होता. डोकं खाली, शेपूट वर आणि जरा उजवीकडे कललेली. खाली तलावाची काळी रेघ आणि रेघेच्या खाली पाण्यात पुसट प्रतिबिंब. वारा त्या आठ सेकंदांपुरता पडला असावा. बारावा फोटो नव्हता.

प्रत्येक फोटोखाली तो किती सेकंद उघडा होता ते लिहून येतं. आठ, आठ, आठ. दहाव्याखाली चार होते.

मी त्या चारकडे बघत बसले. काकांनी विचारलं की काय झालं. मला तेव्हा ऐकू आलं. सव्वा महिन्यापूर्वीचं, ताडपत्रीखालचं. रेंडू, मूडू, नालुगू. मग ओकटी. तो नालुगूवरून ऐदूवर गेला नव्हता. वीज चमकली, फोटो पांढरा झाला, त्याने बटण सोडलं आणि नवा फोटो ओकटीपासून सुरू केला. वीज पाहणं हे माझं काम होतं, म्हणून त्याने तोंडाने काही सांगितलं नाही. त्याने त्याच्या भाषेत पुन्हा एक म्हटलं. मी टॉर्चच्या उजेडात डोकं घालून बसले होते, मी ती वीज पाहिली नाही. मी आधीच्या विजेपासूनच मोजत राहिले. गडगडाट त्या दुसऱ्या विजेचा होता. खरी मोजणी चौतीस नव्हती. पाच-सहा होती.

मी हे काकांना सांगितलं.  त्यांनी दोनदा विचारून घेतलं, कुठल्या आकड्याला ओकटी आलं ते. मग त्यांनी त्यांच्या दोन बोटं नसलेल्या हाताकडे पाहिलं.

"एकमेकाचं ऐकायचं नाही असं तुमीच ठरवलं होतं?"

"दादाने ठरवलं. मी मानलं."

"मी हसलो त्याच्यावर," काका म्हणाले. "दोन शाळा म्हणलो. खांबावर दोघं चढतात तवा दोघं एकच बोलतात, हे मले माहीत होतं. चाळीस वर्षं माहीत होतं." त्यांनी मला दोष दिला नाही, माफही केलं नाही. ते उठले, बाहेर गेले आणि शाळेच्या भिंतीवर त्यांनी मूठ मारली. एकदाच. परत आले तेव्हा बोटांच्या सांध्यांवरून रक्त येत होतं. म्हणाले की अकरावा छापायला टाकू.

मी नको म्हटलं. तो फोटो माझ्या चुकीमुळे निघाला होता. मी खरा आकडा सांगितला असता तर दादा खोलीत आला असता आणि कार्डावर तीन ढगांचे, सहा हललेले, एक पांढरा आणि शेवटचा अर्धवट सोडलेला फोटो राहिला असता. काका म्हणाले, "तुह्या बापाले काय सांगशीन मंग? नाही भेटला म्हणून?"

फोटो नागपूरहून छापून आला, बाबांच्या छातीएवढा. मी तो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ. आणि वाकडं बोट शेपटीवर ठेवलं. कागदावर ते बोट खालून वर, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत गेलं.

"माहं याच्याहून मोठं होतं," ते म्हणाले.

मी त्यांना सगळं सांगितलं. चौतीस, ओकटी, टॉर्च, चार सेकंद. मध्ये थांबले नाही. त्यांनी ऐकलं. बोट फोटोवरच होतं. मला वाटत होतं की ते ग्लास उचलतील. मला ते हवंही होतं. ग्लास त्यांच्या हाताशी होता.

त्यांनी विचारलं, "त्यानं पाहिलं का हे?"

"पाहिलं. आलं म्हणाला."

"कोणाले म्हणाला?"

"मला."

त्यांनी मान हलवली आणि फोटो भिंतीला लावायला सांगितला.

तो त्यांच्या खाटेसमोर लावला आहे. त्यांच्या उरलेल्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं आहे. ज्याच्या भुवईवर ग्लास लागला तो म्हातारा महिन्यातून एकदा येतो आणि फोटोकडे पाठ करून बसतो. काका आता आकाश बघायला येत नाहीत. माझा उजवा कान ऐकत नाही. ट्रायपॉडचे दोन पाय माळ्यावर आहेत. कार्ड माझ्या कपाटात आहे आणि त्यावरचा दहावा फोटो मी पुसलेला नाही.